नखावरची धार

मामांना कोणी नमस्कार केला की ते आधी समोरच्याच्या डाव्या अंगठ्याकडे बघत, चेहऱ्याकडे नंतर. लेथवर काम केलेल्या माणसाच्या त्या नखावर बारीक पांढरे ओरखडे असतात, असं त्यांचं म्हणणं. लेथ म्हणजे लोखंड गरगर फिरवून कापायचं यंत्र, आणि त्याचं कापणारं टूल म्हणजे बोटभर लांबीचा पोलादी तुकडा. त्याला धार आली का, हे बघायला तो नखावर नुसता टेकवायचा. घसरला तर बोथट. जागच्या जागी अडकला, नखाला चावला, तर धार आली. मामांच्या नखावर तीस वर्षांचे ओरखडे होते. नख वाढे, कापलं जाई, ओरखडे मात्र नव्याने येत राहत. माझं नख त्यांनी पहिल्या भेटीत बघितलं आणि म्हणाले, "ऑफिसातले दिसता."

दिसत होतो तसाच होतो. पाटबंधारे खात्यात फायली सरकवून मी निवृत्त झालो. माझे वडील, काका, आजोबा सगळे गोदेच्या काठी यात्रेकरूंची पूजाअर्चा करणारे. आमच्या घराण्यात हाताला काळं ऑइल लागलेला पहिला माणूस मीच, आणि तेही साठी उलटल्यावर. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक लहान वर्कशॉप बंद झालं, तिथला जुना छोटा लेथ मी उचलला आणि नाशिक रोडच्या आमच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये बसवला. गाडी बाहेर उन्हात आणि लेथ आत सावलीत, यावर बायको जे बोलली ते इथे लिहीत नाही. लेथ आला, पण त्याच्या टूलला धार कशी लावतात हे मला कुठे ठाऊक होतं? मोबाइलवर व्हिडिओ बघून मी चार टूलं जाळली. मग कोणीतरी म्हणालं, मागच्या गल्लीत खैरनार राहतात, सातपूरला एका कारखान्यात टूल रूममध्ये होते, त्यांना विचारा.

वामन खैरनार. कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. बुटके, रुंद खांद्यांचे, पांढरा हाफ शर्ट, आणि खिशाला पेनच्या जागी टूलचा एक तुकडा. ते आले, माझ्या लेथवरचं टूल काढलं, नखावर टेकवलं. ते सुर्रकन घसरलं. "भाजी ढवळायला बरं आहे," म्हणाले. मग त्याचं जळून निळं पडलेलं टोक उजेडाकडे धरलं. "भटजी, याचं तर तुम्ही श्राद्धच घातलं." माझं घराणं त्यांना कोणी सांगितलं होतं देव जाणे. त्या दिवसापासून मी भटजी झालो. उभ्या जन्मात मी एक सत्यनारायण सांगितलेला नाही, पण मामांपुढे इलाज नव्हता.

हे सगळं हलक्या आवाजात सुरू केलं असलं तरी मला लिहायचंय ते हलकं नाही. मामांच्या शेवटच्या वर्षात आम्ही दोघांनी मिळून एक ग्राइंडर, धार लावायचं विजेचं चाक, निवडला, म्हणजे निवडायला हवा होता. तो निवडताना मी एक चूक केली. दुकानदाराने फसवलं नाही, मशीनही वाईट निघाली नाही. चूक माझी होती, आणि ती मी मामांवरच्या भक्तीपोटी केली.

मामा मूळचे सटाण्याकडचे. बोलणं एरवी तुमच्या-माझ्यासारखं, पण कामात बुडाले की अहिराणी वर यायची. चाकावर ठिणग्या उडायला लागल्या की 'आहे'चं 'शे' होई. कारखान्यात त्यांचं काम एकच होतं, धार लावणं. सकाळी पाळी सुरू झाली की त्यांच्या चाकासमोर टर्नर लोकांची रांग लागे. प्रत्येकाच्या हातात बोथट टूल. मामा कोणाला विचारत नसत की पितळ कापायचंय की पोलाद. माणूस कुठल्या लेथवर आहे ते त्यांना पाठ असे. कोन मोजायला त्यांच्याकडे पट्टी नव्हती, साचा नव्हता. दोन हातांत टूल धरायचं, चाकाला टेकवायचं, मनगट किंचित वळवायचं, झालं. एकदा मी त्यांच्या हातच्या धारेचा कोन घरी मोजला. जितका सांगितला होता तितकाच भरला. दुसऱ्या दिवशी मी ते कौतुकाने सांगितलं तर मामा रागावले. "मोजलात कशाला? विश्वास नव्हता?"

मग कारखान्यात तयार टिकल्या आल्या. कडक धातूची चौकोनी टिकली, लेथला स्क्रूने बसवायची. एक बाजू बोथट झाली की फिरवायची, सगळ्या बाजू संपल्या की फेकून द्यायची. धार लावणारा माणूसच नको. मामांना काढलं नाही, स्टोअरमध्ये बसवलं. ते एकदा मला म्हणाले, "शेवटची चार वर्षं मी हातमोजे वाटले, भटजी. लोक यायचे, हातमोजे मागायचे, सही करायचे. पूर्वी हेच लोक धार मागायचे." एवढं बोलून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विषय बदलला.

घरी त्यांना चाक नव्हतं. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ते मुलाकडे, प्रमोदकडे, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत. तिथे ग्राइंडर लावला असता तर सोसायटीने तिसऱ्या दिवशी मीटिंग बोलावली असती. त्यामुळे माझं पार्किंग हे त्यांचं ठिकाण झालं. दुपारी तीनला फाटक वाजे. लेथबरोबर एक जुनाट ग्राइंडर आला होता, दोन्ही बाजूंना चाकं असलेला, साधा. मामा त्याच्यासमोर उभे राहत आणि माझी टूलं एकेक करून उजळत. मग आजूबाजूचे लोक यायला लागले. कोणी सुतार पटाशी आणी, कोणी ड्रिलचं पातं. चार घरांच्या विळ्यासुद्धा आल्या. मामा कुरकुर करत, "मी टूल रूमचा माणूस, विळीवाला नाही," पण विळी परत पाठवत नसत. पाचला चहा घेऊन घरी जात. दोन तासांचं ते काम नसतं तर या माणसाने दिवसभर काय केलं असतं, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही.

शिकवायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. मी चाकावर टूल दाबलं की म्हणत, "दाबू नका, ते काय पाहुणे आहेत, जबरदस्तीने जेवायला घालताय?" टूल तापून हाताला चटका बसला की पाण्याच्या डब्याकडे बोट दाखवत. "बुडवा. टूल नंतर, आधी डोकं." मी धार आलेलं एक सुंदर टूल तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, ते त्यांनी शोधून काढलं आणि थेट लेथवर चढवलं. "धार ठेवायची वस्तू नाही. वापरा, बोथट करा, आणा परत." आणि सगळ्यात लाडकं वाक्य, जे मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल, "धार हातमा शे भटजी, मशीनमा नही."

हे शेवटचं वाक्य मी मनावर कोरून घेतलं. तिथेच सगळं बिघडलं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तो जुनाट ग्राइंडर मेला. आधी घरघर, मग किंचाळी, मग चाक इतकं हलायला लागलं की टूल टेकवलं की उडी मारे. मामांनी बटण बंद केलं, चाकावर हात ठेवला. "हिचा जीव गेला. नवी बघा." आणि नाशिकच्या द्वारका चौकात आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. सिटी बसने जायचं, चौकातल्या त्या गर्दीतून रस्ता ओलांडायचा आणि मशिनरीच्या दुकानांमध्ये एकेक ग्राइंडर चालवून बघायचा. मामांनी दुकानदारांचा जीव खाल्ला. मशीन सुरू करायला लावत आणि तिच्या अंगावर पाच रुपयांचं नाणं उभं करत. नाणं पडलं की पुढचं दुकान. नाणं उभं राहिलं तर बटण बंद करून चाक आपोआप थांबायला किती वेळ घेतं ते ऐकत उभे राहत. मग नवं चाक बोटावर लटकवून स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टिचकी मारत. टण् वाजलं तर चाक अखंड, ठक् वाजलं तर आत तडा. एका दुकानदाराने वैतागून विचारलं, "काका, नवरी बघताय का?" मामा म्हणाले, "नवरी एवढी बघितली नव्हती."

एका दुकानात वेगळीच मशीन होती. चाकासमोर लहानसं लोखंडी टेबल, ते हवं त्या कोनात झुकवता येतं, त्याच्यावर अंशाच्या खुणा. टूल हातात धरायचंच नाही, एका चिमट्यात आवळायचं आणि चिमटा टेबलावर मागेपुढे सरकवायचा. दुकानातला तरुण मालक उत्साहाने दाखवत होता. कोणीही लावली तरी धार एकसारखी येते, म्हणाला. मामांनी वाकून बघितलं, टेबल दोनदा झुकवलं. मग माझ्याकडे वळून हसले. "हाई कुबडी शे. ज्याला पाय नाही त्याने घ्यावी." मीही हसलो. तो तरुण मात्र हिरमुसला.

त्यानंतरचे तीन महिने मी आता पुन्हा पुन्हा आठवतो. मामा रोज यायचे, पण चाकच नव्हतं, तेव्हा नुसते बसायचे. उजवा हात पँटच्या खिशात. बायको एकदा म्हणाली, "मामा हल्ली चहा डाव्या हाताने घेतात, बघितलंत का? मी कप अर्धाच भरते." मी म्हणालो, उजव्या हाताला तेल असेल. काम बंद असताना तेल कुठून येणार, हे मला सुचलं नाही. त्याआधीही, जुना ग्राइंडर जिवंत असताना, शेवटी शेवटी ते म्हणायला लागले होते, "तुम्ही लावा, मी बघतो." विळ्यासुद्धा मलाच लावायला देत. मला वाटलं मी पास झालो, गुरूने गादी दिली. मी त्या दिवशी बायकोला जिलबी आणली होती.

आणि याच दिवसांत मामांनी त्या टेबलवाल्या मशीनचा विषय काढला. पहिल्यांदा अगदी सहज. "ती मशीन तशी वाईट नव्हती, नाही?" मी म्हणालो, "कुबडी ना?" त्यांनी विषय सोडला. आठवड्याने पुन्हा, "टेबल जड आहे तिचं. थरथरत नाही." मी दुसरंच काही बोललो. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तुमच्यासाठी म्हणतोय भटजी. तुमचा हात अजून कच्चा आहे."

हे मला लागलं. दोन वर्षं याच माणसाने मला घासलं, गादी दिली, आणि आता कच्चा म्हणतो? मला वाटलं मामा माझी परीक्षा घेताहेत. कुबडी घेतो का बघताहेत. मी मनात म्हटलं, थांबा, दाखवतोच. माझ्या स्वभावात ही एक खोट आहे. कोणी कमी लेखलं की मी समजून घ्यायचं सोडून सिद्ध करायला निघतो.

नवरात्रात मी एकटा द्वारकेला गेलो. टेबलवाल्याच्या दुकानाकडे बघितलंही नाही. त्याच रांगेतल्या दुसऱ्या दुकानातून जड बिडाचा, साधा, दोन चाकांचा ग्राइंडर घेतला. मामांचे सगळे विधी केले. नाणं उभं राहिलं, चाक टण् वाजलं, बटण बंद केल्यावर चाक इतका वेळ फिरत राहिलं की मी तेवढ्यात रिक्षा ठरवून आलो. एका बाजूला मामा सांगत तसं, टूल कमी तापवणारं पांढरं चाक बसवून घेतलं. घरी आणून पक्का बसवला आणि वर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, हत्यारांची पूजा. मी मामांना बोलावणं पाठवलं.

लेथला झेंडूची माळ, टूलांना हळदकुंकू, आणि मधोमध चादरीखाली नवी मशीन. मामा स्वच्छ शर्ट घालून आले. चादरीखालचा आकार बघून त्यांचे डोळे चमकले, हे मी शपथेवर सांगतो. मी चादर ओढली. ते बघत राहिले. खूप वेळ बघत राहिले. मी नाण्याचं सांगितलं, चाकाचं सांगितलं. शेवटी म्हणालो, "मामा, कुबडी नाही घेतली. पहिली धार तुमच्या हातची."

"आज चाक फिरवायचं नसतं," ते म्हणाले. "आज हत्यारांना सुट्टी."

ते खरं होतं, रिवाजच आहे तो. मी म्हणालो, मग उद्या दसरा, उद्याच्यासारखा मुहूर्त नाही, उद्या सकाळी. दसऱ्याच्या कामाला नाही म्हणता येत नाही. त्यांनी मान हलवली आणि प्रसाद न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले. आले नसते तर मी समजलो असतो का? नाही, पुन्हा बोलवायला गेलो असतो. आपट्याची पानं आणली होती, पण माझ्या हातात दिली नाहीत, ग्राइंडरजवळ ठेवली. मग खिशातून उजवा हात काढला, नवं टूल उचललं आणि चाकासमोर उभे राहिले. मी बटण दाबलं. टूल चाकाला टेकलं आणि तडतडलं. पुन्हा टेकलं, पुन्हा उडालं. मामांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. ठिणग्या तुकड्यातुकड्याने उडत होत्या. त्यांच्या चाकावरून ठिणग्यांची एक सरळ धार निघायची, ती मी दोन वर्षं बघितली होती. टोक लाल झालं, मग निळं. त्यांनी ते पाण्यात बुडवलं, बाहेर काढलं आणि नखावर न टेकवताच खिशात घातलं.

"चाक चांगलं शे," ते म्हणाले, आणि फाटक लावून गेले.

मी मूर्खासारखा समजलो की न विचारता मशीन आणली म्हणून रुसले. चार दिवस वाट बघितली. आठवडा गेला. मलाही मग राग आला, एवढं काय म्हणून. दिवाळी गेली. एका संध्याकाळी प्रमोद दूध घेऊन परत निघालेला भेटला आणि मी चेष्टेने विचारलं, "काय रे, आमच्या मामांचा रुसवा कधी निघणार?"

प्रमोद गोंधळला. "रुसवा? काका, बाबांना कंपवात आहे. दीड वर्ष झालं. तुम्हाला माहीत नाही?"

मी नाही म्हणालो.

"मी सांगणार होतो, त्यांनी शपथ घातली. उजवा हात फार हलतो. आता पायही साथ देत नाहीत, जिना उतरत नाहीत." मग तो म्हणाला, "मध्यंतरी मात्र खुशीत होते. रोज सांगायचे, भटजींकडे टेबलवाली मशीन येणार आहे. तिच्यात टूल आवळलं की हात नुसता सरकवायचा. मला अजून पाचेक वर्षं धार लावता येईल."

दुधाची पिशवी त्याच्या हातात लोंबकळत होती आणि मी तिच्याकडे बघत उभा होतो. कच्चा हात कोणाचा, ते मला तेव्हा कळलं. एवढा मोठा कारागीर, कुबडी म्हणून हसलेला. त्याने ती कुबडी स्वतःसाठी तोंडाने कशी मागायची? म्हणून माझ्या नावावर मागितली. आणि मी रागावलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत मी द्वारकेला होतो. त्या तरुण मालकाने मला लगेच ओळखलं. "या काका. ते मामा नाही आले? गणपतीत दोनदा येऊन गेले ना एकटे."

"कुठे?"

"इथेच. या मशीनसमोर. म्हणाले, आमच्या भटजींना घ्यायची आहे, जरा चालवून बघतो. तासभर होते. खिशातून टूल काढलं, चिमट्यात आवळलं. हात लय हलत होता त्यांचा, मी म्हटलं मी करून देतो, तर म्हणाले, नाही, बघू द्या. दुसऱ्या वेळेला जमलं त्यांना. काय खूश झाले!" त्याने गल्ल्याखालचा खण उघडला. "हे विसरून गेले. म्हटलं येतील परत घ्यायला."

एक टूल होतं. धार अशी लखलखीत की कडेचा उजेड वेगळा दिसत होता. मी ते नखावर टेकवलं. ते जागचं हललं नाही. त्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मला रडू आवरेना. सिटी बसने, तसल्या पायांनी, तो द्वारकेचा चौक ओलांडून हा माणूस दोनदा इथे आला होता.

दाखवायला ठेवलेली मशीन विकायला तो तयार नव्हता, नवी आठ दिवसांनी येणार होती. मी ऑर्डर दिली आणि तडक मामांकडे जायला हवं होतं. गेलो नाही. मला वाटलं, रिकाम्या हाताने काय जायचं, मशीन आली की खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली आणू, माळ घालू, सगळं नीट करू. पुन्हा तेच. माणसापेक्षा मुहूर्त मोठा. सहाव्या दिवशी प्रमोदचा फोन आला. मामा न्हाणीघरात पडले होते, खुब्याचं हाड मोडलं, आणि दवाखान्यात छातीत कफ भरला.

मी गेलो तेव्हा ते जागे होते. चेहरा हलत नव्हता, त्या आजारात चेहरा थिजतो म्हणतात. उजवा हात चादरीवर एकसारखा हलत होता. मी म्हणालो, "मामा, टेबलवाली सांगितली आहे. परवा येतेय."

"कोणती? कुबडी?"

"मामा, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं? तो शब्द माझाच." मग श्वास घेऊन म्हणाले, "पांढरं चाक लावा तिला. दुकानवाला करड्या रंगाचं देईल. घेऊ नका."

मी खिशातून ते टूल काढलं. त्यांनी लगेच ओळखलं. डावा अंगठा वर केला. माझ्या लक्षात आलं, आणि मी त्यांचा उजवा हात माझ्या हातात धरून टूल त्यांच्या नखावर टेकवलं. त्यांचा हात माझ्या हातात हलत होता, पण टूल घसरलं नाही.

"चावतं," मामा म्हणाले. मग त्यांनी दाराकडे बघितलं, नर्स नाही ना म्हणून, आणि मला जवळ बोलावलं. "हे मशीनवरचं शे. कोणाले सांगू नका. कारखान्यातल्या लोकांना तर नकोच."

मी नाही सांगणार म्हणालो आणि टूल त्यांच्याजवळ ठेवून निघालो. मशीन आली त्याच्या आदल्या रात्री मामा गेले.

तेराव्याला त्यांच्या घरी कारखान्यातली जुनी मंडळी आली होती. फोटोसमोर प्रमोदने ते टूल ठेवलं होतं. दवाखान्यात उशीखाली सापडलं, म्हणाला. शिंदे नावाचे एक म्हातारे टर्नर, जे मामांच्या चाकासमोरच्या रांगेत वीस वर्षं उभे राहिले होते, ते पुढे झाले. त्यांनी टूल उचललं, आपल्या नखावर टेकवलं आणि डोळे मिटले. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले. "याला म्हणतात हात. आजारपणातही अशी धार. मशीनच्या बापाला जमायचं नाही." टूल हातोहात फिरलं. प्रत्येकाने नखावर टेकवून बघितलं, प्रत्येकाने मान डोलावली. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मीही डोलावली.

टेबलवाली मशीन आता माझ्या पार्किंगमध्ये आहे, पांढऱ्या चाकाची. विळ्या अजून येतात. मी धार लावतो, चांगली येते. मामांनी सांगितलेलं मी एवढं ऐकलं की त्यांना काय हवंय ते ऐकायचं राहून गेलं. आता एका गोष्टीत मात्र मी त्यांचं ऐकत नाहीये. सांगणार नाही म्हणून शब्द दिला होता, तो लिहून मोडतोय. शिंद्यांनी हे वाचलं तर त्यांना कळू दे, की त्या दिवशी त्यांच्या नखाला जी चावली ती धार मशीनवरची होती. द्वारकेच्या दुकानात, थरथरत्या हाताने, दुसऱ्या प्रयत्नाला लावलेली. आणि ती मामांचीच होती.